हॉर्मोन्स, ग्रंथी आणि हातातला रिपोर्ट : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण आधी ठळक छापलेला आकडा शोधतात आणि तिथेच घाबरतात. हॉर्मोनच्या बाबतीत एकटा आकडा बघून काहीच कळत नाही, तो कोणाच्या सांगण्यावरून वाढला आणि तो वाढल्यावर कोण गप्प बसलं हे बघावं लागतं. खालचे प्रश्न लोक खरंच विचारतात त्याच भाषेत ठेवलेत.

हॉर्मोन म्हणजे नक्की काय असतं?

शाळेत संप्रेरक म्हणून शिकलो तेच. काही ग्रंथी आणि पेशी एखादं रसायन थेट रक्तात सोडतात, ते रक्ताबरोबर अंगभर फिरतं, पण काम फक्त त्याच पेशींमध्ये करतं जिथे त्याला पकडणारा रिसेप्टर असतो, बाकी पेशींच्या शेजारून नुसतं निघून जातं. लाळेच्या आणि घामाच्या ग्रंथींना नळी असते म्हणून त्यांचा स्राव ठरलेल्या जागीच पडतो, अंतःस्रावी ग्रंथींना नळी नसते, त्यांचा माल सरळ रक्तात जातो.

आणि हे सगळं इतक्या कमी प्रमाणात चालतं की ऐकून विश्वास बसत नाही. थायरॉईडचं एक हॉर्मोन, फ्री टी३, पिकोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. थायरॉईडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेणाऱ्या माणसाला एक ग्रॅम औषध साधारण २७ वर्षं पुरेल, हिशोब करून बघा. म्हणूनच २५ आणि ५० मायक्रोग्रॅममधला फरक "थोडासाच तर आहे" म्हणून सोडून देता येत नाही.

शरीरात अशा ग्रंथी कुठे कुठे आहेत?

मेंदूच्या खालच्या बाजूला हायपोथॅलॅमस, त्याला लटकलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी म्हणजे पीयूषिका, मेंदूतच आत पिनियल. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड, तिच्या मागे चिकटलेल्या चार छोट्या पॅराथायरॉईड ज्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. दोन्ही किडन्यांवर एकेक अॅड्रिनल. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड, बायकांमध्ये अंडाशय, पुरुषांमध्ये वृषण. एवढंच नाही, पोटातली आतडी, हृदय, किडनी आणि अंगावरची चरबीसुद्धा हॉर्मोन बनवते. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंगनी पहिलं ओळखलेलं हॉर्मोन, सिक्रेटिन, ते आतड्यातलंच होतं.

पिट्युटरीला मास्टर ग्रंथी म्हणतात, मग तिला कोण सांगतं?

हायपोथॅलॅमस. आणि त्याला खालून उलट निरोप येतो, त्यामुळे मास्टर वगैरे शब्द थोडा फसवा आहे असं मला वाटतं.

थायरॉईडचंच घ्या. हायपोथॅलॅमस टीआरएच सोडतो, त्याने पिट्युटरी टीएसएच सोडते, टीएसएच थायरॉईडला तिची हॉर्मोन्स, म्हणजे टी४ आणि थोडं टी३, बनवायला लावतं, आणि रक्तात टी४-टी३ पुरेसं झालं की तेच वर जाऊन हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीला थांबवतं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक जसा पाणी वर आलं की नळ बंद करतो आणि खाली गेलं की उघडतो, तसंच. बहुतेक हॉर्मोन असेच चालतात, याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात, आणि एवढी एक गोष्ट नीट समजली तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

याला अपवादही आहे. बाळंतपणात ऑक्सिटोसिन गर्भाशय आकुंचित करतं, बाळाचं डोकं खाली दाबलं जातं, त्या दाबाने अजून ऑक्सिटोसिन सुटतं, असं वाढत वाढत बाळ बाहेर येईपर्यंत चालतं. तिथे थांबवायचं नसतंच.

टीएसएच वाढलाय, म्हणजे माझं थायरॉईड वाढलंय ना?

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की यावर जरा जास्तच लिहितो.

टीएसएच थायरॉईडचं हॉर्मोन नाही, ते पिट्युटरीचं आहे. थायरॉईड कमी काम करतेय असं दिसलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते. म्हणजे टीएसएच जास्त असेल तर थायरॉईड बहुतेक वेळा कमी चालतेय (हायपो), आणि टीएसएच अगदी तळाला गेला असेल तर थायरॉईड जास्त चालतेय (हायपर). हायपोमध्ये थंडी सहन होत नाही, बद्धकोष्ठ, केस गळणं, आवाज जाड होणं, पाळीत रक्त जास्त जाणं, दिवसभर मरगळ. हायपरमध्ये छातीत धडधड, हात थरथरणं, भूक लागूनही वजन उतरणं, घाम, चिडचिड.

टी४ थोडंसं जरी कमी झालं तरी टीएसएच कितीतरी पटीने वर उडी मारतो, म्हणून सुरुवातीला टीएसएच वाढलेला आणि टी४ मात्र नॉर्मल असं दिसतं. त्याला सबक्लिनिकल म्हणतात. नॉर्मल टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास, लॅबप्रमाणे थोडं बदलतं. ५ किंवा ६ आलाय म्हणून लगेच आयुष्यभराची गोळी सुरू होईलच असं नाही, बरेचदा काही आठवड्यांनी परत तपासतात आणि तो स्वतःहून खाली आलेला असतो. १० च्या वर गेला तर डॉक्टर साधारणपणे गोळी देतात. वय, लक्षणं, गरोदरपण, अँटीबॉडी आहेत का, हे सगळं बघून ठरतं.

अँटीबॉडी म्हणजे अँटी-टीपीओ टेस्ट. आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर हल्ला करते, १९१२ मध्ये जपानच्या हाशिमोतोंनी याचं वर्णन केलं म्हणून त्यांच्या नावाने हा आजार ओळखतात. हा बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

आणि एक कमी दिसणारी गोष्ट. पिट्युटरीच आजारी असेल तर टी४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसतो. बॉलकॉकच अडकलाय. अशा वेळी फक्त टीएसएच बघणारा फसतो.

थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेतली तर चालेल का?

नको. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. कॅल्शियम, लोह आणि काही अॅसिडिटीची औषधं ही गोळी आतड्यात अडवून ठेवतात, त्यामुळे त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी चालते, रोज एकच वेळ पाळली की झालं.

डोस बदलल्यावर आठ-दहा दिवसांत टेस्ट करून काही उपयोग नाही. टी४ चा रक्तातला निम्मा साठा संपायला साधारण सात दिवस लागतात आणि पिट्युटरी त्यापेक्षाही हळू सावरते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी परत टेस्ट. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टच्या आधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा, काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो.

टीएसएच नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे खूप लोक असतात. तो गोळीमुळे नॉर्मल आलाय. बंद करायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

सैंधव मीठ खाल्लं तर चांगलं ना? आयोडीनचं मीठ कशाला?

थायरॉईड हॉर्मोनचा कच्चा मालच आयोडीन आहे, टी४ मध्ये आयोडीनचे चार अणू, टी३ मध्ये तीन. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. ते मिळालं नाही तर टीएसएच वाढत राहतो, थायरॉईडला सतत "बनव, बनव" सांगत राहतो आणि ती फुगते, तोच गलगंड. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी काही भागांत आयोडीनचं आणि काही भागांत साधं मीठ देऊन बघितलं, आयोडीनच्या भागात गलगंड कमी झाला आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गलगंड दिसतो तरी, खरं नुकसान पोटातल्या बाळाच्या मेंदूचं होतं आणि ते भरून येत नाही.

उपासाला सैंधव खाल्लं तर काहीच बिघडत नाही. पण घरातलं सगळं मीठ बदलून गुलाबी किंवा सैंधव केलं आणि घरात गरोदर बाई असेल तर मला ते अजिबात पटत नाही. कोबी, फ्लॉवर शिजवून खाल्ला तर थायरॉईडवाल्यांनाही चालतो.

थायरॉईडची गोळी चालू आहे आणि दिवस गेलेत, गोळी थांबवू का?

उलट बहुतेक वेळा डोस वाढवावा लागतो, कित्येकींना २५ ते ५० टक्क्यांनी. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड हॉर्मोन बनवत नसते, ते आईकडूनच घेतं. म्हणून पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा, पुढच्या सोनोग्राफीपर्यंत थांबू नका.

बाळ झाल्यावर दोन-तीन दिवसांनी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच तपासायला सांगा, हॉस्पिटल स्वतःहून करत नसेल तर मागून घ्या. काही बाळांची थायरॉईड जन्मतःच काम करत नाही, दिसायला बाळ अगदी छान असतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखंच वाढतं. उशीर झाला तर बुद्धीवर परिणाम होतो आणि तो परत फिरवता येत नाही.

इन्सुलिन नेमकं करतं काय?

जेवल्यावर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना ते कळतं आणि त्या इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन स्नायू आणि चरबीच्या पेशींना साखर आत घ्यायला लावतं आणि लिव्हरला सांगतं की आता साखर सोडू नको, साठव. जेवण होऊन बराच वेळ झाला की शेजारच्याच अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात आणि लिव्हर साठवलेली साखर परत बाहेर देतं. या दोघांच्या ओढाताणीत मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर फक्त पाच ग्रॅमच्या आसपास राहते, म्हणजे एक छोटा चमचा. आपण एका कपात दोन चमचे घालतो.

टाइप १ डायबेटिसमध्ये बीटा पेशीच नष्ट होतात, इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं. टोरांटोमध्ये बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांनी ते वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा दिलं. त्याआधी टाइप १ झालेलं मूल फार काळ जगत नसे. इन्सुलिन सुरू केलं की सवय लागते असं म्हणून मुलाचं इन्सुलिन बंद करून कुठल्या तरी काढ्यावर ठेवणारे अजून भेटतात. कृपा करून असं करू नका, त्या मुलाचा जीव जातो.

टाइप २ डायबेटिसमध्ये सुरुवातीला इन्सुलिन भरपूर असतं पण पेशी त्याला दाद देत नाहीत, स्वादुपिंड अजून बनवतं, आणि काही वर्षांनी थकतं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट) ६.५ किंवा जास्त, म्हणजे डायबेटिस, शक्यतो दोनदा तपासून खात्री करतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा, सावरायची खरी वेळ हीच.

मी तर बारीक आहे, मला डायबेटिस कसा?

याचं उत्तर आपल्या पुण्यातून आलंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांमध्ये चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. याला त्यांनी थिन-फॅट म्हटलं, म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त.

२००४ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच फोटो आणि आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पोटाच्या आतली चरबी आणि लिव्हरवरची चरबी इन्सुलिनला अडवते, आणि साखर वापरायला स्नायू कमी पडतात. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेचं माप जास्त खरं बोलतं. पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या पुढे गेली की साखर तपासून घ्या, हातपाय कितीही काटकुळे असले तरी.

सोनोग्राफीत पीसीओडी आलंय, मुलं होणार नाहीत का?

होतात, बहुतेकींना होतात. कुणाला वेळ लागतो, कुणाला अंडं तयार होण्यासाठी गोळ्या लागतात.

आधी एक समजून घ्या, सोनोग्राफीत ज्या "गाठी" दिसतात त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेल्या अंड्यांच्या पिशव्या असतात. दर महिन्याला पिट्युटरीचं एफएसएच हे हॉर्मोन त्यातली एक मोठी करतं, ती इस्ट्रोजेन बनवते, मग पिट्युटरीचंच दुसरं हॉर्मोन एलएच एकदम वाढतं आणि साधारण दीड दिवसात अंडं बाहेर पडतं, मागे राहिलेली पिशवी प्रोजेस्टेरॉन बनवते, गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन पडतं आणि पाळी येते. पीसीओएसमध्ये (पीसीओडीलाच असंही म्हणतात) एलएच चढं राहतं, बऱ्याच जणींमध्ये इन्सुलिनही जास्त असतं आणि ते अंडाशयाला पुरुषी हॉर्मोन जास्त बनवायला लावतं, त्यामुळे अंडं सुटतच नाही. हनुवटीवर केस, पिंपल्स, लांबलेली पाळी, मानेवर मखमलीसारखा काळेपणा, सगळं त्यातूनच. तो काळेपणा मळ नाही, मुलीला घासून घासून रडवू नका, तिची साखर तपासा. जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे मुलं होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना हे असतं, म्हणजे तुमची मुलगी एकटी नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरवल्यावरही कित्येकींची पाळी नियमित होते.

गोळ्या घेऊन येणारी पाळी म्हणजे आजार बरा झाला असं नाही, गोळीतलं हॉर्मोन थांबल्यावर येणारा तो रक्तस्राव आहे. पण त्या गोळ्या वाईटही नाहीत, महिनोन्महिने पाळी न आल्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, ते त्यांनी टळतं.

टेन्शनने हॉर्मोन बिघडतात का?

काही प्रमाणात हो. अॅड्रिनल ग्रंथीचा आतला भाग अॅड्रिनलिन सोडतो, ते सेकंदांत चढतं आणि काही मिनिटांत उतरतं. बाहेरचा भाग कॉर्टिसॉल सोडतो, ते रोजच सकाळी आठच्या सुमारास सगळ्यात जास्त आणि मध्यरात्री सगळ्यात कमी असतं, म्हणून दुपारी चारला दिलेल्या सॅम्पलची सकाळच्या रेंजशी तुलना करू नका. सतत ताण, रात्रपाळी, अपुरी झोप यांनी ही लय विस्कटते, साखर चढते, पाळी लांबते.

मला जास्त काळजी वाटते ती स्टिरॉईडची. गुडघेदुखी किंवा दम्यासाठी बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यात स्टिरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून तर दोन दिवसांत एवढा आराम पडतो. हे स्टिरॉईड कॉर्टिसॉलसारखंच काम करतं, त्यामुळे ते बाहेरून मिळत राहिलं की पिट्युटरी अॅड्रिनलला सांगायचं बंद करते आणि अॅड्रिनल सुकते. मग पुडी एकदम बंद केली, त्यातच ताप किंवा ऑपरेशन आलं, तर बीपी कोसळून माणूस दगावू शकतो. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉईडही त्यांना विचारून हळूहळूच कमी करायचं.

म्हशीला इंजेक्शन देऊन काढलेल्या दुधाने मुली लवकर वयात येतात का?

ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं असतं. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी, पोटात गेलं की प्रथिनासारखं पचून जातं, आणि त्याचा वयात येण्याशी संबंधही नाही. जनावराला मात्र त्रास होतो आणि तसं देणं बेकायदा आहे, विरोध करायचा तर त्यासाठी करा. मुलीला आठ वर्षांच्या आधी छाती येऊ लागली तर दुधाला दोष देत बसू नका, मुलांच्या हॉर्मोन तज्ज्ञांना दाखवा.

ब्रॉयलर कोंबडीचंही तसंच, ती निवडक पैदास आणि खाद्यामुळे लवकर वाढते, ग्रोथ हॉर्मोन टोचून नाही. तिथे खरा प्रश्न अँटिबायोटिकचा आहे.

जिममध्ये टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवतायत, घेऊ का?

नका घेऊ. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच बंद करते, वृषण लहान होतात आणि शुक्राणू कमी होत होत शून्यावरही जातात. बंद केल्यावर सावरायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. खरंच थकवा, इच्छा कमी होणं असं असेल तर सकाळच्या वेळी रक्त देऊन टेस्ट करा, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत.

सगळ्या हॉर्मोनची एकच टेस्ट नाही का? फुल पॅकेज?

पॅकेज मिळतं, पण मी कुणाला सुचवत नाही. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हॉर्मोन, सुई टोचण्याच्या भीतीनेही वाढतं, एफएसएच-एलएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघायचं असतं, प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी. सगळं एकाच सकाळी काढलं की दोन-तीन आकडे ठळक येणारच आणि महिनाभर झोप उडणार. आधी लक्षणं सांगा, मग टेस्ट ठरवा.

कधी अजिबात थांबायचं नाही?

मूल अचानक खूप पाणी प्यायला लागलं, सारखी लघवी, अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल परत ओलं करायला लागलं, वजन उतरतंय, तर त्याच दिवशी साखर तपासा. त्यातच पोट दुखून उलट्या, श्वास खोल आणि जोरात चालू, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास असेल तर सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. पोटाचं दुखणं समजून घरी औषध देत बसण्यात अशी कितीतरी मुलं उशिरा पोचतात. बरेच दिवस स्टिरॉईड घेणाऱ्या माणसाला उलट्या आणि चक्कर येत असेल, किंवा थायरॉईड कमी असलेलं म्हातारं माणूस गार पडून गुंगीत जात असेल, तर तीही इमर्जन्सीच. जाताना चालू औषधांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट बरोबर घ्या, आणि स्टिरॉईड चालू होतं हे तिथल्या पहिल्या डॉक्टरला तोंडाने सांगा.